प्रोसेसर कसा निवडायचा, आणि मशीन अडलं तर तपासणी कुठून सुरू करायची

कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आय५ घेऊ की आय७?’ एवढ्या माहितीवर याचं उत्तर देताच येत नाही. ही नावं इंटेल कंपनी आपल्या प्रोसेसरसाठी २००८-०९ पासून वापरत आलीय आणि त्याच नावाखाली आजवर चौदा पिढ्या विकल्या गेल्यात. २०११चा आय७ आणि २०२३चा आय७ यांच्यात नावापलीकडे फारसं काही सारखं नाही.

माझं मत आधीच सांगतो. नवखा माणूस प्रोसेसरवर गरजेपेक्षा जास्त पैसे घालतो, एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वेळी हात आखडता घेतो आणि मशीन बंद पडलं की पहिला संशय प्रोसेसरवर घेतो. हे तिन्ही उलट व्हायला हवं. वीज चांगली असेल आणि कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) नीट बसलेला असेल, तर प्रोसेसर हा कॅबिनेटमधला सगळ्यांत कमी बिघडणारा भाग आहे. आधी निवड कशी करायची ते पाहू, मग बिघाडांकडे वळू.

पहिली पायरी: पूर्ण नाव वाचा

दुकानदाराला किंवा जुनं मशीन विकणाऱ्याला प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा, आकडे आणि शेवटच्या अक्षरासकट. ‘आय७ आहे, एकदम फास्ट’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

याचं कारण दोन प्रोसेसर शेजारी ठेवले की कळतं. कोअर आय७-२६०० हा २०११चा. त्यात ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा), मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ. कोअर आय३-१२१०० हा २०२२चा. त्यातही ४ कोअर, ८ थ्रेड, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. कागदावर आय७ किंचित सरस दिसतो. प्रत्यक्षात एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात हा आय३ जवळपास दुप्पट वेगवान आहे. दर गिगाहर्ट्झमागे किती काम उरकतं हे पिढीगणिक बदलत जातं, आणि गरज पडल्यावर वर चढणारा वेगही आय३चा जास्त आहे: त्याचा ४.३, तर जुन्या आय७चा ३.८. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांमधली गिगाहर्ट्झची तुलना सोडून द्या.

‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, नवीन कॅबिनेट, रंगीत लाइटचे फॅन’ अशा स्वस्त जाहिराती दिसतात, त्यांत पुष्कळदा हाच दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर एच६१ मदरबोर्डवर बसवलेला असतो. कॅबिनेट नवं, आतला माल दहा-बारा वर्षांहूनही जुना. घरातल्या मुलाला टायपिंग शिकायला ते चालेलही, पण विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचं काहीतरी लागतं. बँकेची, जीएसटीची, टॅक्सची कामं करायची असतील तर त्याआधीचं मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

इंटेलचं नाव वाचायला सोपं आहे. आय५-१२४००एफ मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी, ४०० हा त्या पिढीतला क्रमांक. शेवटचं अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. के म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, मुभा. टी म्हणजे कमी वीज खाणारा. लॅपटॉपमध्ये यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच आणि एचएक्स म्हणजे ताकदीचे आणि गरम होणारे. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने ‘आय’ काढून ‘कोअर अल्ट्रा’ हे नाव आणलं, तिथे अल्ट्रा ५ २४५के मधला पहिला २ हा मालिकेचा क्रमांक.

एएमडीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जी म्हणजे आतलं ग्राफिक्स दमदार. एक्स३डी म्हणजे थरावर थर रचून वाढवलेली कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), तिचा खरा उपयोग गेममध्ये. रायझन ५००० मालिकेत जी नसलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अजिबात नसतं, तर ७००० पासून पुढे एफ नसलेल्या प्रोसेसरमध्ये निदान डिस्प्ले येण्यापुरतं तरी असतं. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांच्यात एका अक्षराचा फरक दिसतो, पण ५६०० ग्राफिक्स कार्डाशिवाय डिस्प्ले देत नाही. दुसरीकडे ५६००जी मध्ये कॅश निम्मी आहे, त्यामुळे पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल तर ५६०० बरा.

लॅपटॉपवाल्यांची खरी फसगत एएमडीच्या ७००० मालिकेत होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. स्टिकरवर दोन्ही ‘रायझन ५’, दोन्ही ‘७०००’, किमतीतला फरकही काही वेळा किरकोळ. पण या मालिकेत पिढी सांगतो तो तिसरा आकडा. ७५२०यू मध्ये तिथे २ आहे, म्हणजे झेन २ ही २०१९ची रचना, आणि कोअर फक्त ४. ७५३०यू मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर ६. तिसरा आकडा ४ असेल तर झेन ४. पहिल्या ७ वर कुणी भुलू नये. शोरूममध्ये उभे असाल तर स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून सिस्टिम उघडा, नाव तिथेच लिहिलेलं असतं. तेच नाव कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून कोअर, थ्रेड आणि बाजारात आल्याचं वर्ष पाहून घ्या. सेल्समनला पाच मिनिटं थांबायला लागलं तरी चालेल.

दुसरी पायरी: काम काय आहे ते लिहून काढा

टॅली, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन क्लास, सरकारी पोर्टल एवढंच काम असेल तर आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी पुरून उरतो. वाचलेले पैसे एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि १६ जीबी रॅमवर घाला. अशा मशीनवर खोळंबा होतो तो हार्ड डिस्क किंवा अपुऱ्या रॅममुळे. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो.

ऑटोकॅडमधलं टू-डी ड्रॉइंग बरंचसं एकाच कोअरवर चालतं. तिथे बारा कोअर घेऊन फायदा नाही, कमी कोअरचा पण ताज्या पिढीचा प्रोसेसर जास्त कामाला येतो. थ्री-डी रेंडरिंग मात्र जितके कोअर द्याल तितके वापरतं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी, विशेषतः अँड्रॉइड स्टुडिओ आणि व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांनी ६ ते ८ कोअर आणि जमल्यास ३२ जीबी रॅम धरावी.

व्हिडिओ एडिटिंगवर थोडं थांबतो, कारण लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कितीतरी जणांचा पैसा इथे चुकीच्या जागी जातो. आताचे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे जास्त रंग-माहिती घट्ट दाबून भरलेली, फाइल देतात. टाइमलाइनवर ती फाइल अडखळायला लागली की लोक महागडं ग्राफिक्स कार्ड घेतात आणि तरी अडखळणं जात नाही. ही फाइल उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेपासून, म्हणजे २०२५मध्ये आली. त्यामुळे आरटीएक्स ४० किंवा त्याआधीचं कार्ड वापरणाऱ्या एडिटरने थोडे पैसे वाचवायला एफ अक्षराचा प्रोसेसर घेतला, तर ज्या भागाची त्याला सगळ्यांत जास्त गरज होती तोच गमावला. आणि साधा आय५-१२४०० घेतला असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू आहे ना, हे पाहून घ्या. कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड ते आपोआप बंद ठेवतात.

गेमसाठी आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, उरलेल्या पैशांत प्रोसेसर. मध्यम कार्डासोबत ६ कोअर पुरतात.

तिसरी पायरी: सॉकेट आणि रॅम

प्रोसेसर ठरला की त्याचा सॉकेट (मदरबोर्डवरची तो बसवायची जागा) ठरतो, सॉकेटवरून मदरबोर्ड आणि मदरबोर्डवरून रॅम. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला चालतो. त्यात डीडीआर४ या जुन्या रॅमचे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५ या नव्या रॅमचे वेगळे. कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा एलजीए १८५१ फक्त डीडीआर५ घेतो. एएमडीचा एएम४ डीडीआर४वर चालतो आणि रायझन ५००० मालिकेपर्यंत जातो. २०२२मध्ये आलेला एएम५ फक्त डीडीआर५वर. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ घ्या. घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर एएम४ किंवा डीडीआर४चा एलजीए १७०० बोर्ड घेणं शहाणपणाचं, विशेषतः २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव ज्या वेगाने चढले ते पाहता.

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स वापरणार असाल तर याने गेममध्ये मोठा फरक पडतो, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं. चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात.

जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर जोडणार असाल, उदाहरणार्थ एएम४च्या जुन्या बी४५० बोर्डवर रायझन ५६००, तर आधी बायोस अपडेट करावा लागतो. दुकानातच करून मागा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हे रोजचं काम आहे, दहा मिनिटांत होतं.

चौथी पायरी: एसएमपीएस आणि घरातली वीज

कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या लोकल एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. त्याच्या बाजूच्या स्टिकरवरचा बारीक तक्ता वाचा. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही वीज मिळते १२ व्होल्टच्या लाइनवरून. तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. खरी ताकद एवढीच. आय५-१२४०० पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट खातं. दोघांची बेरीज २३२ होते, क्षणिक उसळ्या वेगळ्या. म्हणूनच अशा जोडीला नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा (वीज कमी वाया घालवतो याची खूण) ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. माझं ऐकाल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण इथे काटकसर करू नका. खराब एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, सोबत बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, चपला घातल्या की येत नाहीत, अशी तक्रार जुन्या वाड्यांत, चाळींत आणि गावाकडच्या घरांत नेहमीची आहे. एसएमपीएसच्या आत विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतल्या नको असलेल्या लहरी (नॉइज) जमिनीत घालवण्यासाठी. भिंतीतल्या सॉकेटमधली अर्थची तार तुटलेली किंवा मुळात जोडलेलीच नसेल, तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी पोर्ट आणि एचडीएमआय पोर्ट त्यानेही जातात. शिवाय अर्थ नसलेल्या घरात आत कुठे तार सुटून पत्र्याला लागली तर जिवावर बेतेल. मशीन बदलू नका, वायरमन बोलवा.

वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढाच, आणि इंटरनेटची लॅन केबलही काढा. केबलवाल्याची तांब्याची तार एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर गेलेली असते, त्या वाटेने आलेला झटका यूपीएस अडवत नाही. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. वीज गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्याहून उशिरा बॅकअप आला की मशीन रिस्टार्ट होणारच.

जोडताना सांभाळायच्या जागा

इंटेलच्या आणि एएम५च्या प्रोसेसरला पिना नसतात, त्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. तिथे बोट, कापड, ब्रश काहीही लावू नका. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. त्यात कूलर काढताना मधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे (उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपामुळे) प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवायचा.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. समोरासमोरच्या तिरक्या दोन आधी दाबा, मग उरलेल्या दोन. प्रत्येक खुंटी बसताना ‘कट्’ असा आवाज येतो. मग बोर्ड उलटा करून पाहा: चारही ठिकाणी पांढऱ्या पाकळ्या फाकून त्यांच्यातून काळी दांडी बाहेर आलेली दिसली पाहिजे. तीनच दिसत असतील तर कूलर एका कोपऱ्यात उचललेला आहे. असं मशीन चालू होईल, विंडोजही येईल, आणि दहा मिनिटांनी बंद पडेल.

डिस्प्ले येत नाही

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा बिघाड. फॅन फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन काळी. या क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम केल्या आणि मशीन सुरू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि तोच त्रास पुन्हा येतो.

१. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डात हवी, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात नको. मॉनिटर दुसऱ्या केबलने, दुसऱ्या मशीनवर तपासा.

२. एएम५चं किंवा कुठलंही डीडीआर५चं नवं मशीन पहिल्यांदाच सुरू करत असाल तर थांबा. बोर्ड रॅम ओळखून तिच्याशी वेग जुळवून घेत असतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. या वेळात पुन्हा पुन्हा बटण दाबून लोक चांगलं मशीन खराब समजतात.

३. बोर्डच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) अशी नावं लिहिलेले बारीक लाइट असतील तर कोणता लागून राहतो ते बघा. जुन्या बोर्डवर स्पीकर लावून बीप मोजा, अर्थ बोर्डच्या पुस्तिकेत सापडतो.

४. प्रोसेसरची वेगळी वीज, म्हणजे बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ४ किंवा ८ पिनांची जोडणी, नीट बसली आहे का? ही विसरली तर फॅन सगळे फिरतात आणि बाकी काहीच होत नाही.

५. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जिरू द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, आणि रॅम काढा. सोनेरी पट्ट्यांवर पांढरा, मऊ खोडरबर लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या दमट हवेत या पट्ट्यांवर थर चढतो आणि एवढ्याने कितीतरी मशीन सुरू होतात. मग एकच पट्टी, एका वेळी एका खाचेत लावून पाहा. पट्टी बसताना खाचेचं कान ‘टक्’ करून बंद झालं पाहिजे.

६. बोर्डवरची गोल बॅटरी काढा, पाच मिनिटांनी परत लावा. बायोस मूळ सेटिंगवर येतो. ही सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. मशीन प्लगमधून काढल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर हीच संपलेली आहे, नवी कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल.

७. हार्ड डिस्क, एसएसडी, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड सगळं काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच अर्थात. यावर डिस्प्ले आला की काढलेली एक-एक वस्तू परत लावत जा.

इथपर्यंत काहीच झालं नाही तर दुसरा, चालू असलेला एसएमपीएस लावून पाहा, मग दुसरा बोर्ड. प्रोसेसर शेवटी. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही

एक्स्टेंशन बोर्ड टाळून थेट भिंतीत लावा, एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा. तरीही नाही, तर कॅबिनेटच्या बटणाची तार बोर्डवरून काढा आणि त्या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर स्पर्श करा. मशीन सुरू झालं तर दोष फक्त बटणाचा. रिसेटच्या बटणाची तार पॉवरच्या जागी लावली की काम झालं.

चालता चालता बंद पडतं

वेळ बघा. जड काम सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर तापमान मोजा, एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. काहीही न करता ३५ ते ५० अंश ठीक. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला रोखतात. रायझन ७०००चे एक्स अक्षराचे मोठे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यांचा आकडा पाहून घाबरू नका. पण साधा आय३ टॅली चालवताना ९० दाखवत असेल तर कूलर सुटलाय, धूळ साचलीय किंवा पेस्ट वाळलीय. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध मटारच्या दाण्याएवढी नवी लावा, बास.

तापमान ठीक आहे आणि तरी गेममध्ये किंवा रेंडरिंगला फटकन बंद होतं, तर एसएमपीएस. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक त्यालाच रोगाचं नाव समजतात. त्याचा अर्थ इतकाच की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद झालं. का झालं ते त्यात नसतं.

निळी स्क्रीन आणि अडकणं

बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून दोन दिवस वापरा. त्रास थांबला तर रॅमचा जाहिरातीतला वेग तुमच्या जोडीला झेपत नाहीये. थांबला नाही तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तरी ती रॅम बदलायचीच. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्कची तब्येत पाहा. पिवळी ‘कॉशन’ दिसली तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी फोटो, कागदपत्रं, हिशेब दुसरीकडे कॉपी करा.

बोर्डवर १६ जीबी लावली आहे आणि विंडोज ८च दाखवतंय, खाच बदलूनही फरक नाही, अशा वेळी सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचा असमान दाब हे कारण असू शकतं. कूलर काढून सैल-घट्ट नीट करून बघण्यासारखं आहे.

प्रोसेसरच दोषी निघाल्याची एक मोठी घटना अलीकडचीच आहे आणि जुनं मशीन घेणाऱ्याने ती माहीत करून घ्यावी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः आय९-१३९००के आणि १४९००के, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेऊन हळूहळू झिजत होते. गेम सुरू होताना बंद पडायचे, ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा खोटा संदेश यायचा. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४मध्ये दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले, ते बायोस अपडेटमधून येतात, आणि बाधित ‘बॉक्स’ (कंपनीच्या खोक्यात विकलेल्या) प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून यांतला सेकंडहँड प्रोसेसर घेत असाल तर बिल, बॉक्स आणि समोर तासभर चालवलेली चाचणी, तिन्ही मागा.

मशीन फारच हळू चालतं

टास्क मॅनेजर उघडून डिस्क १०० टक्क्यांवर आहे का पाहा. असेल आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी लावा. या एका बदलाइतका फरक प्रोसेसर बदलूनही दिसत नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावूनही प्रोसेसरचा वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकून बसला असेल, तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप चार्जरची ओळख पटली नाही की मुद्दाम वेग दाबून ठेवतात. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर किंवा पिनेतली तुटलेली तार याने असं होतं, आणि लोक विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

वॉरंटीचे कागद

बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रोसेसर, बोर्ड आणि एसएमपीएसचे सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बॉक्स’ प्रोसेसर आणि ‘ट्रे’ (खोक्याविना सुटा विकलेला) प्रोसेसर यांची वॉरंटी सारखी नसते. ट्रेवाला कंपनी थेट बघत नाही, तो विकणाऱ्याच्या भरवशावर. घेताना नेमका कोणता आहे ते विचारा. मदरबोर्डच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका, आणि प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा जवळून, उजेडात एक फोटो काढून ठेवा. बोर्ड सर्व्हिस सेंटरला देताना पिना वाकलेल्या दिसल्या तर वॉरंटी नाकारली जाते. झाकण लावून, फोटो जोडून आणि काउंटरवरच्या माणसाला सॉकेट दाखवून त्याची पोच लिहून घेतली, की नंतर वादाला जागा उरत नाही.